आधी ओटा, मग अंक

वामनराव खिल्लारे यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहा, असे मंडळी सांगून गेली तेव्हापासून मला झोप नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत. काही चुकले तर वामनरावांनाच कमीपणा यायचा, ही धास्ती. पण मी लिहिले नाही तर हे कोण लिहील?

नव्वदच्या सुमारास ते पुसेगावला माझ्या सायकलच्या दुकानात आले आणि आपल्या साप्ताहिकाचा गठ्ठा पुढे ठेवला. "गोविंदराव, एजन्सी घ्या." मी म्हणालो, "न्हाई खपले तर?" ते म्हणाले, "तर परत करा म्हणतो का मी? वाचत बसा." तेव्हापासून दर अंकाची मुख्य बातमी मी दुकानापुढच्या फळ्यावर खडूने लिहू लागलो.

वामनरावांची एक रीत आहे. ज्या घरची बातमी, त्या घरच्या ओट्यावर आधी बसायचे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतांना मिळत नाही, ही बातमी त्यांनी चिखल तुडवत तिथे जाऊन लिहिली, आणि तिच्याशेजारी पाटबंधारे खात्याच्या साहेबांचे म्हणणेही छापले. दोन्हीकडचे लोक रागावले. पाणी मात्र आले.

कारगिलची लढाई लागली तेव्हा माझा थोरला, संजय, तिकडेच होता. पत्रे बंद झाली होती. अशात एके दिवशी सरकारी जीप गावात येऊन आमचे घर विचारून गेली. घराला कुलूप होते. जवानांच्या घरची विचारपूस करायला आली असेल, असे कुणाच्या मनात आले नाही. गावाने एकच अर्थ काढला. दुपारपर्यंत बाजारपेठ बंद झाली, स्टँडवर संजयचा फोटो लागला, त्याला झेंडूचा हार पडला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने तर छापूनही टाकले. घरी शेजारणी, मयताच्या घरी देतात तो कडू घास म्हणून, पिठलं-भाकरी घेऊन आल्या. संजयची माय विझलेल्या चुलीपुढे बसून होती.

आमच्याकडचे एक पुढारी श्रद्धांजलीची जाहिरात घेऊन वामनरावांना गाठायला आले, तर वामनराव माझ्याच ओट्यावर.

"सगळीकडं येऊन राहिलं, तुमचाच पेपर काहून मागं? देशाचं काही हाय का न्हाई?"

"जित्त्या जवानाला मारणं ही कुठली देशसेवा?" वामनराव म्हणाले.

मीच रडत म्हणालो, "लिहा हो तुमी. सगळं गाव म्हनून राहिलं."

"गाव म्हणतं म्हणून मी छापत नसतो. तुमाला कागद आला का?"

"न्हाई."

"तार?"

"न्हाई."

"मग आपलं लेकरू हाय." आणि ते आत तोंड करून म्हणाले, "वैनी, हे भाकरीचं टोपलं परत करा. चूल पेटवा. चहा घेतल्याबिगर मी उठत नसतो."

तिने चूल पेटवली. चहा घेऊन ते उठले ते थेट परभणीला, सैनिकांच्या कार्यालयात. अंक अडवून ठेवला. पलटणीतून निरोप येईपर्यंत तिथल्या बाकावरून हलले नाहीत. मग अंकासोबत स्वतःच एस.टी.ने आले आणि खडू माझ्या हातात दिला. मी लिहिले: पुसेगावचा संजय सुखरूप.

गावाने गुलाल उधळला. त्याच फोटोचा हार काढून पोरांनी वामनरावांच्या गळ्यात घालायला आणला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, मला काहून मारता?" पुढारी म्हणाले, "मग सत्काराची जाहिरात तरी घ्या!" संजय रजेवर आला तेव्हा ज्या स्टँडवर त्याचा फोटो होता, तिथेच उतरला. आज त्याचे लेकरू माझा फळा पुसते.

लढाईत बंदूक चालवणारे शूर असतातच. पण सारा गाव एका सुरात ओरडत असताना ओट्यावर गप बसून राहायलाही छाती लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

वामनराव, मी तुमच्याहून वडील, म्हणून आशीर्वादाचा हक्क माझा. तब्येत सांभाळा, गुडघ्याला तेल लावत जा, शंभरी ओलांडा. मला एकच काळजी आहे. उद्या मी गेल्याची बातमी कुणीही उठवील. ती छापण्याआधी ओट्यावर येऊन खात्री करायला तुम्हीच पाहिजेत. आलात की मीच दार उघडीन, आणि चहा घेतल्याशिवाय उठू देणार नाही.