आजारपणाचा हेवा

कार्यालयातले माझे सहकारी देशमुख हृदयविकाराच्या झटक्यातून बचावले, म्हणून त्यांना भेटायला रुग्णालयात गेलो होतो. ते उशीला टेकून डाळिंबाचे दाणे एकेक करून खात होते. इतक्या निवांतपणे खाणारा माणूस मी बऱ्याच काळात पाहिला नव्हता.

"साहेबांचा फोन आला होता," वहिनी म्हणाल्या. "रजा भरपूर शिल्लक आहे, पूर्ण बरे होऊनच या म्हणाले. बिलाचंही ऑफिस बघणार आहे."

त्या क्षणी मला हेवा वाटला. मृत्यूच्या दारातून परतलेल्या मित्राचा हेवा वाटावा, याची लाजही वाटली. पण लाजेने तो ओसरला नाही. आम्ही समोरासमोर बसून एकच काम करतो. ते कायम आहेत, मी कंत्राटी. त्यांच्या देहाला थकण्याची मुभा आहे. त्यांची खुर्ची त्यांची वाट पाहील. माझी आठवडाभरही रिकामी राहणार नाही. म्हणून माझ्या देहाचे गाऱ्हाणे मी ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

"पवार, जिना चढताना तुम्हाला दम लागतो हो," देशमुख म्हणाले. "एकदा दाखवून घ्या. माझंही असंच सुरू झालं होतं."

"बघू, सवडीने."

"तुमची सवड उगवायची कधी?" ते हसले. मीही हसलो.

परतताना जिना उतरूनही धाप लागली. खाली तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर क्षणभर टेकलो.

"काका, नंबर लावू का?" परिचारिकेने विचारले.

"नको, मी भेटायला आलो होतो," असे म्हणून मी उठलो.