चाळीस किलोचं झाकण

बाबा रे, पत्र तुलाच आहे. पण "तू असा, तू तसा" म्हटलं की तू लगेच वाद घालायचास, म्हणून तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी सांगते. मध्ये बोलू नकोस. आता तसाही बोलणार नाहीस.

माझा धाकटा भाऊ विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. वशिला असो की रडगाणं, तो कुणाकडे झुकत नसे, म्हणून कामगार त्याला तराजूचा 'काटा' म्हणत. त्याला या नावाचा भारी अभिमान. खात्यात पहिल्यांदा बाई घ्यायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली. हा एकटा तिच्या बाजूने उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, "ताई, तुझ्या भाषणांचा काहीतरी उपयोग झाला बघ." मीही फुशारले, खोटं कशाला सांगू.

बाई तिशीची, हाताला चपळ, तोंडाला त्याहून. तारा गुंडाळण्यात महिन्याभरात तिने दोघांना मागे टाकलं. अडलं ते मोठ्या मोटारीच्या झाकणाशी. वजन चाळीस किलो.

"दादा, जरा हात द्या," ती शेजारच्याला म्हणाली.

"समानता पाहिजे होती ना? उचला की मग, बाईसाहेब."

तिने काट्याकडे पाहिलं. आज सवलत दिली तर उद्या हेच म्हणतील, बायकांना जमत नाही, असं त्याला वाटलं. "वजन सगळ्यांना एकच," तो म्हणाला.

तिने उचललं. सहा महिने उचलत राहिली. मग एका दुपारी झाकणासकट खाली बसली ती उठलीच नाही. मणका सरकला होता.

अहवालात त्याने लिहिलं: वजन नेहमीचंच, पुरुष कामगारही हेच उचलतात. त्यावर साहेबांनी तिला अपात्र ठरवून घरी बसवलं आणि बायका घेणंच बंद केलं.

आठवड्याने काटा खात्यात उभा होता. एकजण झाकणाशी वाकला, "हात दे रे" म्हणाला, आणि शेजारच्याने मान वर न करता दुसरी कड धरली. तीस वर्षं असंच चाललं होतं. ती कड त्याने स्वतः हजारदा धरली असेल.

संध्याकाळी माझ्याकडे आला. चहा निवून गेला. "ताई, एकट्याने कुणी उचलतच नाही गं. आम्हाला कधी दिसलंच नाही."

"मग तसं लिहून दे. तिची नोकरी परत मिळेल, बसून करायचं काम तरी देतील."

"साहेब म्हणतील, तीस वर्षं झोपला होतास का?"

"झोपलाच होतास."

"आणि खात्यातले हसतील. काटा बाईपुढे वाकला म्हणतील."

"तिला वाकता येत नाही आता. तू वाक."

शेवटी म्हणाला, "तूच लिही, तुझी भाषा बरी. सोमवारी सही करून साहेबांना देतो. मग दोघं तिच्या घरी जाऊ. एकट्याने जायचा धीर नाही होत."

मी चार ओळी लिहिल्या. सोमवारी तुला ताप होता. पुढच्या सोमवारी साहेब बाहेरगावी. मग तुझा निरोप समारंभ. बायकांना संधी देणारा माणूस, असं साहेब म्हणाले, आणि तू खाली मान घालून टाळ्या ऐकल्यास. पावसाळ्याआधी तू गेलास.

कागद माझ्या खणात आहे. सहीची जागा कोरी. मागे तिचा पत्ता तुझ्या अक्षरात. माझ्या दारातून बसने तीन थांबे. मीही गेलेले नाही.