देवरावच्या बांधलेल्या तारा

१९८३ साल. लकडगंजातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कारखान्यांसाठी विजेची पॅनेलं बांधत होतो. देवराव माझ्या शेजारच्या टेबलावर. भिंतीपलीकडे आरागिरणी. दिवसभर भुसा उडायचा, आणि बारा वर्षांत त्याने देवरावची छाती पार पोखरली होती. डॉक्टरने साफ सांगितलं, ही जागा सोडा. सोडून जायचं कुठे? घरी चार तोंडं होती.

तेवढ्यात आमच्या मालकांनी, रुपरावजींनी, शेडला लागून असलेल्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक्सचं खातं काढलं. बंद खिडक्या, भुशाचं नाव नाही. स्वतःचं सर्किट चालवून दाखवेल त्याला तिथे जागा. देवराव तर वर्षभर घरी हौसेने हेच करत होता! ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर, त्याने सेकंदाला एक आकडा मोजणारं यंत्र जुळवलं होतं.

पण आकडे उड्या मारायचे. दोननंतर एकदम पाच. त्याने आयसीच्या चिपा बदलल्या, बॅटरी बदलली, घराशेजारच्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून ताराच ओरबाडल्या. मेणदोरा तुटला, जुडगा विस्कटला, आणि आकडे शहाण्यासारखे चालू लागले.

पॅनेलच्या तारा एकत्र घेऊन मेणदोऱ्याने आवळायच्या, हेच आम्ही शिकलो होतो. इथे मात्र एका तारेतला धक्का शेजारच्या तारेत उतरायचा आणि यंत्र तोही मोजायचं. देवरावने तारा आखूड केल्या, दूर दूर ठेवल्या, प्रत्येक आयसीजवळ धक्के शोषणारा एक कपॅसिटर लावला. दिसायला गबाळं, पण अचूक.

मालकांनी आकडे पाहिलेच नाहीत. तारा पाहिल्या.

“हे काय गा देवराव? बारा वर्षं पॅनेल बांधून राहिला तू, अन् हे असं?”

“मालक, बांधलं का आकडे चुकते.”

“मले शिकवू नको. गिऱ्हाईकाले हे दाखवू काय? बांधून आण, मंग पाहू.”

“बांधू नको गा,” मी त्याला म्हटलं.

“नाही बांधलं तर ते पाहतच नाहीत ना,” देवराव म्हणाला आणि जुडग्यासाठी पुन्हा नव्या लांब तारा कापायला बसला. बोटाबोटाच्या अंतरावर मेणदोऱ्याची गाठ. इतकं देखणं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मालकांनी बटण दाबलं. एक, दोन, पाच.

“चालत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी जुडग्यावरून बोट फिरवलं. “पण बांधणी पाहा! तुले खालून हलवणं मले परवडणार नाही.”

देवराव खोकत खाली आला. त्या दिवशी मला मालकांपेक्षा त्याच्या हातांचाच जास्त राग आला.