गिधाडाला मोठा पिंजरा मिळाला तेव्हा

मी सांगलीजवळच्या एका प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांच्या देखभालीला लागले, तेव्हा ते गिधाड तिथं नऊ वर्षं होतं. शिराळ्याच्या डोंगरात पंख मोडून पडलेलं सापडलेलं. पंख जुळला, पण पिंजरा इतका अरुंद की पंख पसरले तर टोकं जाळीला घासायची. त्याला रोज मांस घालणारे काका साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मला काम त्यांनीच शिकवलं.

त्याच वर्षी मोठा पिंजरा झाला. चिंचेची दोन मोठी झाडं त्यात मावली. गिधाड सोडलं त्या दिवशी आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो. ते चालत कोपऱ्यात गेलं आणि बसलं. पुढं कित्येक आठवडे तिथंच.

"आवं काका, उडायचं इसरलं का काय ते?" मी विचारलं.

"इसरलं न्हाई. पंखावर भरोसा न्हाई ऱ्हायला."

काका मांस रोज थोडं उंच ठेवू लागले. दगडावर, ओंडक्यावर, शेवटी फांदीवर. तिथवर मात्र ते जाईना, दोन दिवस उपाशी राहिलं. मला बघवेना. खाली तुकडा टाकायला निघाले, तर काकांनी अडवलं. "आजचा दिस थांब, पोरी."

दुपारी ते उडालं. फांदी ओलांडून सरळ पुढं गेलं. जाळी त्याला दिसलीच नाही. धडकून खाली पडलं. काकांनी धावत जाऊन त्याला घोंगडीत घेतलं. हाड शाबूत होतं, पण पंख रक्तानं भरला होता.

"खाली बसून सुखात हुतं. म्याच उठवलं त्येला," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका तासगावला पाहुण्यांच्या द्राक्षबागेत गेले आणि पाखरं हाकलायला लावतात त्या चमकत्या पट्ट्या घेऊन आले. गिधाडाला जाळी दिसावी म्हणून शिडी लावून आम्ही दिवसभर त्या बांधल्या.

महिनाभर गिधाड खालीच बसून राहिलं. एका सकाळी मी पाणी भरत होते, तर डोक्यावरून सावली गेली. वर बघितलं. पट्ट्यांजवळ पोचून ते वळलं, आणि फांदीवर येऊन बसलं. मी हाक मारली. काका आले, बराच वेळ जाळीला हात लावून बघत राहिले. मला वाटलं, हसतील.

"नऊ वर्सं," ते म्हणाले, "नऊ वर्सं आपुन ह्येला बसवून ठिवलं."

आणि डोळे पुसत मांस आणायला गेले.