साडूची काळी भिंत

सूर्य आपल्या सांगण्यावरून उगवतो असं मानणारा माणूस बेळगावच्या आसपास एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. उद्यमबागेतल्या फौंड्रीत सारा जन्म भट्टीपुढं गेलेला. मयतीला गेला तरी लोक रडत असताना हा भिंतीला गाल लावून ती किती तापलीय ते बघणार. एकदा तर तिरडी उचलायच्या आधी म्हणाला, खिडकी दक्षिणेला पाहिजे हुती.

उचगावातल्या माझ्या घराचा नकाशा त्यानंच काढला, लग्नपत्रिकेच्या पाठीमागं. मी तिसरीत शाळा सोडलेला, पण घर बांधण्यातलं मला सगळं कळतं, असं मीच सांगत आलोय. तरी ऐकलं, कारण थंडीत बायकोचे गुडघे धरायचे. दक्षिणेला हातभर जाड दगडी भिंत, बाहेरून काजळीनं काळी केलेली, पुढं काचेची दारं. थंडीतलं तिरकं ऊन तिच्यावर पडायचं. उन्हाळ्यात वळचणीची सावली. "भिंत म्हंजे म्हैस, आप्पा," तो म्हणाला. "दिवसभर उन्हात चरंल, दिवेलागणीला ऊब देईल." पहिल्या थंडीत बायको तिला पाठ टेकून बसायची आणि हात न टेकता उठायची. गुण मी आणलेल्या तेलाचा, असं मी गावभर सांगितलं.

पण येणारा-जाणारा विचारायचा, कोळशाचं दुकान काढलंय काय? मला लई लाज वाटायची. दसऱ्याला काचा उघडून मी भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. घर उजळलं आणि भिंत मेली, उन्हात तापेचना. थंडी पडली तशी बायको दाराची चौकट धरून उठायला लागली. मी स्वेटरावर स्वेटर चढवून सांगत होतो, यंदा थंडीच जास्त.

मग साडू आला. आतून गाल लावला, बाहेर जाऊन पांढरं बघितलं. त्याच्या शिव्यांना माझं उत्तर तयार होतं. त्यानं बायकोला एवढंच विचारलं, "गुडघं कवापासनं धरल्यात?"

"थंडी पडल्यापासनं, दाजी," ती माझ्याकडं बघत म्हणाली.

त्यानं शर्ट काढला, चुना खरवडला, अळशीच्या तेलात काजळी कालवली. 'माझं चुकलं' हे मी जन्मात म्हटलेलं नाही. तेव्हाही म्हणालो, "चुनाच वाईट निघाला."

"व्हय, चुना वाईटच," म्हणत त्यानं दुसरा कुंचा माझ्या हातात दिला.

काजळी वर्षात विटते, म्हणून तो दर दसऱ्याला येतो. यंदा त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. वरची भिंत मी घेतली, आणि तो खालची संपवेपर्यंत मुद्दाम सावकाश कुंचा फिरवत राहिलो.