अर्धी टाकी

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात शालूबाई पाणी सोडायचं काम करायची. आधी ते काम तिचा नवरा दादासो करायचा. तो काविळीनं गेला आणि ग्रामपंचायतीनं त्याच्या जागी हिला घेतलं. बाईमाणसाला हे जमायचं नाही, असं चारचौघं म्हणाली. पण पाइपावरचा वाल फिरवायची लांब लोखंडी चावी तिच्या हातात बसली आणि बोलणारे गप्प झाले.

गावची उंच टाकी बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधलेली. वीस-एक वर्षांत तिचं सिमेंट फुगलं, पोपडे पडू लागले, आतल्या गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या. वरच्या अंगाला भेगा गेल्यावर साहेब लोकांनी सांगितलं, टाकी निम्म्याच्या वर भरायची नाही. तेव्हापासून टाकीबाहेरच्या फळीवरचा, आतलं पाणी किती ते दाखवणारा बाण निम्म्यावर आला की शालूबाई मोटार बंद करायची.

टाकी अर्धी, त्यामुळं पाण्याला जोर नाही. गावठाणात पाणी पोचायचं, पण माळवस्ती चढावर होती. तिथला नळ कोरडा पडला. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन खाली यायच्या आणि गावठाणातल्या बायकांचं होईपर्यंत थांबायच्या.

त्यांतलीच एक रंगूबाई. शालूबाईहून वयानं थोरली, गुडघ्यांनी बेजार. एकेकाळी दोघी मिळून खुरपायला जायच्या, बांधावर बसून एकीच्या फडक्यातली भाकरी दुसरीनं खायची. एकदा नळावर सगळ्यांदेखत रंगूबाई म्हणाली, "वाल अर्धाच सोडतीस तू. गावठाणातल्या लोकांस्नी खूश ठेवायला."

"आक्का, टाकीच अर्धी भरतोय आमी. वरचं अंग फुटलंय."

"तू सांगायचं आणि आमी ऐकायचं."

रंगूबाई हंडा घेऊन गेली आणि तिथून दोघींचं बोलणं तुटलं. पुढं रंगूबाईच्या नातवाचं बारसं झालं. वस्तीवर सगळ्या गावाला बोलावणं होतं, शालूबाईला नव्हतं. तिनं कुणाजवळ तक्रार केली नाही, पण त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही.

चौऱ्याण्णव साली टाकीच्या दुरुस्तीचं ठरलं. सांगलीहून देवदत्त नावाचे इंजिनिअर आले. टाकी पाडून नवीच बांधावी, असं काही मेंबरांचं म्हणणं होतं. देवदत्तांनी खांब आणि तुळया हातोडीनं ठोकून पाहिल्या, वर चढून झाकणातून आत पाहिलं, आणि सांगितलं, "खांब ठणठणीत आहेत. भिंतीचं वरचं अंग आणि झाकण नीट करू. पाडायची काही गरज नाही."

पाणी काढून टाकलं आणि चढायला नवा लोखंडी जिना बसला, तशी शालूबाई माळवस्तीवर गेली. रंगूबाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"आक्का, टाकी मोकळी केलीया. चल, आतनं बघ."

"ह्या गुडघ्यांनी?"

"मी मागं हाय की."

रंगूबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग सूप बाजूला सारून उठली.

टाकीवर शालूबाईही कधी चढली नव्हती. अर्ध्या जिन्यात वारा लागला आणि दोघींनी कठडा घट्ट धरला.

"खाली बघू नगंस," शालूबाई म्हणाली.

"न्हाई बघत. तुझा हात कुठं हाय?"

वर देवदत्तांनी झाकण उघडून बॅटरी दिली. आत खालची निम्मी भिंत शेवाळानं काळीहिरवी झालेली होती. तिच्यावर, आखून दिल्यासारखी, पाण्याची रेघ. रेघेच्या वर कोरडं, फुटकं सिमेंट आणि तांबडा गंज. एका भेगेतून तर बाहेरचं ऊन आत आलं होतं. रंगूबाई गुडघ्यांवर बसून पाहत राहिली.

"मी लय बोलले तुला," ती म्हणाली.

"बोललीस," शालूबाई म्हणाली. "मला लागलं."

रंगूबाईनं बॅटरी देवदत्तांना परत दिली. खाली उतरताना तिनं पुन्हा हात मागितला.

काम चाललं तेवढे दिवस शाळेजवळ पत्र्याची टाकी ठेवली होती आणि शालूबाईनं गल्लीवार पाळ्या लावल्या होत्या. एक दिवस मेंबर नानासो बैलगाडीत पिंपं घालून आले. पाळी माळवस्तीची होती.

"नानासो, तुमची उद्या," शालूबाई म्हणाली.

"हे काम तुला कुणी दिलंय, ध्यानात हाय न्हवं?"

तेवढ्यात रांगेतून रंगूबाई पुढं आली आणि आपला हंडा नळाखाली ठेवून उभी राहिली. "आवं, एका दिवसाचं तर हाय," ती शांतपणे म्हणाली. गावठाणातल्या दोघी-तिघी तिच्या बाजूला येऊन थांबल्या. नानासोंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी ते पाळीनं आले, आणि त्यांची पिंपं भरून होईपर्यंत कुणी वाकडं बोललं नाही.

गंज घासून निघाला, सळ्यांना रंग लागला, गिलावा झाला. पहिल्यांदा टाकी भरून पाहिली तर खालच्या बाजूला ओल दिसली. देवदत्तांनी ती पुन्हा रिकामी करायला लावली. लोक कुरकुरले, पण तेवढा भाग नव्यानं झाला. दुसऱ्या खेपेला भिंत कोरडी राहिली आणि फळीवरचा बाण निम्मं ओलांडून टोकापर्यंत सरकला.

शालूबाईनं वस्तीचा वाल उघडला आणि चढ चालून वर गेली. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली. मग गंजाचं तांबूस पाणी आलं आणि त्यामागून स्वच्छ धार, करंगळीएवढी.

"बारीक हाय," कुणीतरी म्हणालं.

"येतंय न्हवं," रंगूबाई म्हणाली.

पुढं वस्तीतल्या गड्यांनी नळाभोवती खड्डा घेऊन तोटी खाली उतरवली, तशी धार जाड झाली. पण त्या दिवशी बारीक धारेवरच हंडे लागले. पहिला कुणाचा, यावरून बायकांची जुंपली आणि रंगूबाई त्यांत सगळ्यांच्या पुढं होती. शालूबाई थोडा वेळ कट्ट्यावर बसली. मग पदर खोचून उठली, कारण गावठाणाचा वाल अजून उघडायचा होता.