आधी पाणी, मग अ‍ॅसिड

मामाच्या छातीचं मातेरं गिरणीने केलं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. पण त्याला वाचवायची एक संधी आली होती आणि ती मी घालवली, हेही सांगायला हवं.

गिरणी कागदाची, खाडीकाठी. बांबू आणि गवताचा लगदा करायचा, तो ब्लीचने पांढरा करायचा. ब्लीच तिथेच बनायचं, चुन्याच्या निवळीत क्लोरीन सोडून. चुना कुठला, तर किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला, स्वस्तातला. मग नळांत आणि हौदाच्या भिंतींवर पांढरं पुट धरणारच. न्हाणीघरातल्या बंबात धरतं तसंच, फक्त बोटभर जाड. दर शनिवारी यंत्रं थांबवून मामा हौदात उतरायचा, अ‍ॅसिड ओतायचा आणि छिन्नीने पुट खरवडायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. पत्रकं लिहायचो, शाळेच्या सायक्लोस्टाईलवर काढायचो, बाजारात वाटायचो. मामाचा खोकला ऐकून म्हटलं, यावर लिहितो. तो म्हणाला, "अरे भाच्या, ह्या पुट नाय मारीत माका. ब्लीच तसाच आत ऱ्हवता, वरसून आसिड ओतला की जो धूर येता, तो मारता. आधी दोन तास पाणी सोडूक व्हया, मगे आसिड. तेवढाच लिव."

तेवढंच! पाणी सोडा, ही काय मागणी झाली? त्यात दम कुठे होता? मी मथळा दिला 'नळांत साचलेलं विष' आणि कुणकेश्वरच्या जत्रेत पाचशे कागद वाटले. पुराव्याला पुटाचं एक ढेकूळही वर्तमानपत्रात बांधून ठेवलं.

पत्रकाचा परिणाम झाला. तपासणीला सरकारी साहेब आले. मॅनेजरच्या खोलीत मी ढेकूळ टेबलावर आपटलं. "साहेब, हे विष कामगारांच्या फुप्फुसात जातंय!"

मॅनेजरने शांतपणे जेवणाचा डबा उघडला, लिंबाची फोड काढली आणि ढेकळावर पिळली. फस्‌स्‌ करून फेस आला.

"चुना आहे साहेब. पानाला लावतो आपण." मग माझ्याकडे वळून, "काय पुढारी, पान खाता का?"

साहेब हसले. मी म्हणालो, "साहेब, खरा प्रश्न धुराचा आहे, पाणी न सोडताच..."

"पत्रकात धुराचा शब्द नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कागद उलटून माझ्यासमोर धरला. खरंच नव्हता. मामा दाराबाहेर उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.

घरी येताना तो एवढंच बोलला. "चुनो तो चुनोच रे. तू तेका विख म्हटलंस, आता माझो धूर कोण खरो मानतलो? येवढो शिकलंस, पण माझ्या एका वाक्याक तुझ्या कागदार जागा नाय?"

मी दुसरं पत्रक काढलं. चार ओळी. आधी पाणी, मग अ‍ॅसिड, का ते सोप्या शब्दांत. बाजारात वाटायला लागलो तर किराणेवाल्याने कागद न वाचताच परत केला. "चुन्याचा मा? वाचलंव रे, वाचलंव. तुझा विख माझ्या पानाच्या डब्यात आसा!" एस्टी स्टँडवर तेच, मासळीबाजारात तेच. वाचायचे तरी! वाचून शिव्या द्यायच्या! नाही. लिंबाची गोष्ट गावभर झाली होती, सगळ्यांना आधीच माहीत होतं.

शेवटी एक प्रत मामाला वाचून दाखवली. त्याने डोळे मिटून ऐकली. "आता बरोबर लिवलंस," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पाणी सोडलं नव्हतं. बरोबर लिहिलेले चारशेहून जास्त कागद माझ्या काखेत होते, आणि मी फाटकाबाहेर उभा राहून तो हौदाकडे जाताना बघत होतो.